खपली हाही गहूच

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस आमच्याकडे राहायला येते. तिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते असा हा आजार. सातव्या वर्षी निदान झालं, आता ती बारा वर्षांची आहे. शंकरपाळे, करंज्या, चिरोटे यांच्या डब्यांना ती हात लावू शकत नाही, म्हणून तिच्यासाठी मी दरवर्षी सफरचंदाचा केक करते. त्या दिवसांत हिमाचल-काश्मीरचा नवा माल बाजारात भरपूर असतो आणि घरभर दालचिनीचा वास सुटला की फराळातलं आपल्याला काही मिळत नाही हे पोर विसरते.

यंदा बदामाची पूड आणि ज्वारीचं पीठ आणायला एका सेंद्रिय मालाच्या दुकानात गेले. कशासाठी हवंय ते सांगितल्यावर दुकानदारांनी खपलीच्या पिठाचं पाकीट पुढे केलं. त्यावर ठळक हिरव्या अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलेलं. “ताई, ज्वारी कशाला? सिलिअ‍ॅकवाले आमच्याकडून हेच नेतात.”

शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. खपलीबद्दलचं हे बोलणं मी गेली काही वर्षं सतत ऐकते आहे. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, योगाच्या वर्गात ऐकलं, नात्यातल्या एका सुशिक्षित काकूंकडून तर दोनदा ऐकलं. समजावून सांगून माझा धीर आता संपत आला आहे, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

खपलीत ग्लुटेन असतं. थोडंथोडकं नाही, चांगलं भरपूर असतं. खपली म्हणजे ट्रिटिकम डायकोकम, गव्हाच्याच कुळातली एक जुनी जात. दाण्याला साल घट्ट चिकटून राहते, ती कांडून काढावी लागते, त्यावरूनच हे नाव पडलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ हे खपलीचं वाण विकसित केलं, तेही गव्हाचं वाण म्हणूनच. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या ग्लुटेन-फ्री मानकात तर गहू म्हणजे ट्रिटिकमच्या सगळ्या जाती असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यात पळवाट ठेवलेली नाही.

ज्यांना कागदावरचं पटत नाही त्यांनी घरी करून बघावं. खपलीच्या पिठाचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते ओतून नवं पाणी घ्या. पाच-सहा पाण्यांनंतर हातात करड्या रंगाचा, चिकट, रबरासारखा लगदा उरतो. तेच ग्लुटेन. साध्या गव्हाचा लगदा ताणला की लांब होतो आणि खपलीचा लवकर तुटतो, एवढाच काय तो फरक. ज्वारीचा किंवा तांदळाच्या पिठाचा गोळा असाच धुवायला घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात विरघळून जातो, हातात काहीच राहत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे शब्दांत माहीत नसेल, पण हातांना माहीत होतं. खपलीच्या शेवया तारेसारख्या बारीक ओढता येतात त्या ग्लुटेनमुळेच. तांदळाच्या पिठाची अशी शेवई कुणी ओढून दाखवू शकत नाही. म्हणून तर कोकणात शिरवाळे करताना आधी पीठ शिजवावं लागतं आणि मग ते सोऱ्यातून दाबून काढावं लागतं.

मग हा समज आला कुठून? त्यामागे दोन-तीन खऱ्या गोष्टी आहेत, त्या नीट सांगायला हव्यात. पहिली गुणसूत्रांची. पावाच्या आणि पोळीच्या नेहमीच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन जनुकसंच मिळून ४२ गुणसूत्रं असतात. खपलीत ए आणि बी एवढेच संच, म्हणजे २८ गुणसूत्रं. सिलिअ‍ॅकमध्ये सर्वांत त्रासदायक ठरलेला ३३ अमिनो आम्लांचा प्रथिनाचा तुकडा डी संचातून येतो आणि तो खपलीत नसतो, हे खरं आहे. पण ए आणि बी संचांतून तयार होणाऱ्या प्रथिनांतही या रुग्णांना बाधणारे इतर तुकडे आहेतच. शिऱ्याला आपण जो बन्सी रवा आणतो त्या गव्हाचीही गुणसूत्रं २८च असतात. तो सिलिअ‍ॅकला चालतो असं कुणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट हाताला जाणवणारी. खपलीची कणीक कमी ताणली जाते, त्यावरून ग्लुटेन नाही असा निष्कर्ष काढला जातो. ग्लुटेनमध्ये मुख्यतः दोन प्रकारची प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. कणकेचा ताण आणि जोर मुख्यतः ग्लुटेनिनमुळे येतो, तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या शरीरात प्रतिक्रिया उठवण्यात मोठा वाटा ग्लायडिनचा आहे. म्हणजे बोटांनी ताणून जो अंदाज आपण घेतो तो ज्या प्रथिनाची भीती आहे त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आणि तिसरी, खपली खाल्ल्यावर हलकं वाटतं असं अनेकांना अनुभवाने वाटतं. वाटत असेल. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही त्यांनी खपलीची खीर खावी, पुरणपोळी करावी, माझी काही हरकत नाही, मलाही ती खीर आवडते. पण पचायला हलकं असणं वेगळं आणि ग्लुटेन नसणं वेगळं.

याच समजाला जोडून येतं ते हरितक्रांतीचं बोलणं. जुना देशी गहू निर्दोष होता, नव्या वाणांनी हा रोग आणला, असं ठासून सांगितलं जातं. तारखा बघा. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी या आजाराचं वर्णन १८८८ साली केलं. विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञांनी त्याचं नातं गव्हाशी जोडून दाखवलं ते १९५०च्या प्रबंधात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, या अनुभवाने त्यांचं मत पक्कं झालं. आपल्याकडे मेक्सिकन गव्हाची बुटकी वाणं शेतात आली ती १९६०च्या दशकात.

“बरं, थोडंसं खाल्लं तर काय होतं? सणाचा दिवस आहे.” हे वाक्य माझ्या भाचीने इतक्यांदा ऐकलंय की ती आता उत्तर न देता ताट बाजूला सरकवते. थोडंसं म्हणजे किती ते मोजू. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं गेलं आणि तेवढ्यानेही लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते असं दिसलं. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम पीठ पुरतं, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. एका शंकरपाळ्यात दीड ग्रॅम मैदा धरला तरी ग्लुटेन सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कोडेक्सच्या आणि आपल्या एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्या दुकानातल्या हिरव्या अक्षरांतल्या पाकिटात ते किलोमागे कित्येक दहा-हजार मिलिग्रॅम भरेल.

त्रास लगेच दिसतोच असंही नाही. काही रुग्णांना जुलाब होत नाहीत, पोट दुखत नाही. आतड्याच्या आतल्या बाजूची मखमलीसारखी बारीक बोटं झिजून सपाट होत राहतात, लोह-कॅल्शियम अंगी लागत नाही, मुलाची उंची खुंटते, रक्त कमी भरतं, हाडं ठिसूळ होतात. माझ्या भाचीला दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या. खरं कारण त्यानंतर कळलं.

आता केककडे येते, कारण तिथेही एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे: ग्लुटेनशिवाय केक फुगत नाही. पावाचं तसं आहे. पावाचं पीठ यीस्टचा वायू धरून ठेवायला ग्लुटेनवर अवलंबून असतं. केकमध्ये मात्र आपण ग्लुटेन वाढू नये म्हणूनच धडपडतो. मैदा घातल्यावर फार फेटू नका असं सगळ्या पाककृतींत लिहिलेलं असतं ते त्यासाठी. केक उभा राहतो तो अंड्याच्या प्रथिनांवर आणि पिठातल्या स्टार्चवर. ग्लुटेनचं जे थोडं बांधून ठेवण्याचं काम असतं ते इसबगोल करतो, आणि तो आपल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतो.

माझं प्रमाण असं. तांदळाची बारीक पिठी १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५०, बदामाची पूड ५०, आरारूट ३० ग्रॅम, एक चहाचा चमचा इसबगोल, मीठ, दालचिनी, थोडं जायफळ. तीन अंडी आणि १३० ग्रॅम साखर चांगली हलकी होईपर्यंत फेटायची, त्यात १०० ग्रॅम वितळवलेलं लोणी आणि तीन-चार चमचे दही, मग पिठं. हे मिश्रण अर्धा तास झाकून ठेवायचं. ही पायरी गाळू नका. तांदळाच्या कणाला पाणी शोषायला वेळ लागतो, तो दिला नाही तर केक दाताखाली रवाळ लागतो आणि दोष ग्लुटेन नसण्यावर येतो. अर्ध्या तासाने दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि दोन मध्यम सफरचंदं.

लाल डिलिशस जातीची सफरचंदं भाजल्यावर मऊ पडतात आणि आंबटपणाही कमी, म्हणून मी एक लाल आणि एक हिरवं आंबट घेते. एक किसून मिश्रणात, एक फोडी करून लिंबू चोळून वर. सफरचंदात जवळपास ८५ टक्के पाणी असतं. ग्लुटेन-फ्री केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो ही तक्रार त्यामुळे इथे राहत नाही. फक्त किसाला फार पाणी सुटलं तर हलकं पिळून घ्या. आठ इंची भांडं, १७० अंश, ४५ ते ५० मिनिटं. भांड्यातच गार होऊ द्या, गरम काढला तर मोडतो.

आणि हे सगळं करताना स्वयंपाकघरातल्या बाकीच्या समजांकडेही लक्ष ठेवा. भाजल्याने, तळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. रवा, दलिया, शेवया म्हणजे गहूच. कुरडईच्या चिकात फक्त स्टार्च असतो असं समजू नका, घरी पिळून काढलेल्या चिकात ग्लुटेनचे अंश राहतातच. जवात ग्लुटेन आहे. ओट्समध्ये मूळचं गव्हाचं ग्लुटेन नसलं तरी शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाची भेसळ होते, त्यामुळे प्रमाणित असतील तरच आणि डॉक्टरांना विचारून. डबीतल्या बांधणी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं, म्हणून घटकांची यादी वाचा. ज्वारी स्वतः निर्धोक आहे, पण गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळून आणलेली ज्वारी निर्धोक राहत नाही. मैदा चाळायची चाळणीही केकसाठी वापरू नका. ग्लुटेन-फ्री केक वजन कमी करत नाही, त्यात साखर आणि लोणी तेवढंच असतं.

सिलिअ‍ॅक हा उत्तरेकडचा आजार आहे, आपल्याकडे नसतो, असंही म्हणतात. उत्तर भारतात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ माणसांत एक रुग्ण आढळला आणि दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे, हे खरं. पण पोळी हे आपलंही रोजचं अन्न आहे आणि ज्या घरात एक रुग्ण आहे त्या घराला टक्केवारीचा काही उपयोग नसतो.

शंका असेल तर आधी रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी करा आणि ती होईपर्यंत, शिवाय डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत, गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

त्या दुकानदारांशी मी अर्धा तास बोलले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना माल पुरवणाऱ्याने जे सांगितलं तेच ते पुढे सांगत होते. जे कुणी खपली विकतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जुना गहू म्हणून विका, चवीचा म्हणून विका, हवा तो भाव लावा. पाकिटावरचे ‘ग्लुटेन-फ्री’ हे शब्द मात्र आजच काढून टाका.