आधी वाचा, मग 'एंटर' मारा!

घरी नवा गीझर बसवला, तेव्हा त्याचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. पण सॉफ्टवेअरचं? छे! कमांड चिकटवायची, एंटर मारायचं आणि चहा ठेवायचा. तुम्हीही असेच ना?

शुक्रवारची रात्र. पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी हॉर्नचा नेहमीचा कल्लोळ, आणि वर फ्लॅटमध्ये मी टेस्ट सर्व्हरवर पोस्टग्रेस 14 काढून थेट 16 टाकलं. नवीन म्हणजे चांगलंच की! पण डेटाबेस सुरूच होईना. आत एका सहकारी मैत्रिणीने दोन आठवडे खपून भरलेला डेटा होता. सकाळी तिला भावाच्या साखरपुड्यासाठी सातारा गाठायचं होतं. घाबरतच फोन लावला.

"बॅकअप घेतलायस?"

मी गप्प.

"डॉक्युमेंटेशन तरी वाचलंस का रे?"

मी आणखी गप्प.

तिने बॅग भरता भरता मला ते पान वाचायला लावलं. 16.1 वरून 16.2 वर जाणं सोपं. पण 14 वरून 16 म्हणजे मोठी उडी. फायलींची आतली रचना बदलते, त्यामुळे डेटा आधी बाहेर काढून नव्यात भरायचा किंवा 'पीजी अपग्रेड' वापरायचं. सगळं स्वच्छ लिहिलेलं! जुनी आवृत्ती परत टाकली आणि डेटा जसाच्या तसा हजर. नव्या आवृत्तीने जुन्या फायलींना हात लावायला नकार दिला होता, म्हणून वाचलो.

मी एकटाच शहाणा नाही बरं! 2021 मध्ये 'लिनस टेक टिप्स'वाल्या लिनस सेबॅस्टियनने 'पॉप ओएस'वर स्टीम टाकताना पडद्यावरचा इशारा ओलांडून 'येस, डू ॲज आय से!' टाइप केलं... आणि अख्खा डेस्कटॉपच उडाला!

तर बॉस, एवढंच करा:

• पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तपासा. एका अक्षराच्या फरकाने घातक पॅकेजेस पेरली जातात.
• 'रीडमी'मध्ये कोणती आवृत्ती चालते ते बघा.
• 'रिलीज नोट्स'मध्ये काय मोडणार ते शोधा.
• बॅकअप घ्या. मगच एंटर.

पाच मिनिटांचं काम. मैत्रिणीची सकाळची बस चुकली नाही. पण साखरपुड्याचे पेढे देताना ती म्हणालीच, "डबा उघडण्याआधी झाकणावरचं वाच हं!"