आसवारिष्टांच्या भरलेल्या बाटल्यांतील वायुदाब : कारणे व उपाय

फाल्गुन सरला की औषध विक्रेत्यांकडून एक तक्रार हमखास येते. माघात भरून पाठविलेल्या अरिष्टाची झाकणे वर आली आहेत, प्लास्टिकच्या बाटल्यांचे तळ फुगले आहेत, क्वचित काचेची बाटली कपाटातच फुटली आहे. बाटली उघडताच अर्धे औषध फेसासह बाहेर पडते आणि रुग्णाला औषध ‘बिघडलेले’ वाटते. हा दोष वरवरचा नाही. फुटलेली काच डोळ्याला इजा करू शकते आणि संधान अपूर्ण राहिल्याने मद्यार्काचे प्रमाणही निश्चित राहत नाही.

परदेशात घरी बिअर करणाऱ्यांनाही नेमकी हीच अडचण येते. तेथे बाटलीत मोजून साखर घालतात. ती संपली की वायू निर्माण होणे आपोआप थांबते. शॅम्पेनच्या तळघरांत पूर्वी बाटल्या मोठ्या संख्येने फुटत. बाटली भरताना साखरेचे मोजमाप कसे करावे, हे 1830 च्या दशकात फ्रान्समधील शालों येथील फ्रांस्वा नावाच्या औषधनिर्मात्याने दाखवून दिले. आपल्या व्यवसायबंधूचा हा धडा आपणास मात्र जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण अरिष्टात साखर सहसा संपतच नाही.

शार्ङ्गधरोक्त सामान्य परिभाषेनुसार एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप. द्रवद्वैगुण्य धरले तरी सुमारे साडेचोवीस लिटरला 4.8 किलो गूळ आणि 2.4 किलो मध होतो. पाच ते दहा टक्के मद्यार्क निर्माण होऊन क्रिया मंदावते, तेव्हाही लिटरमागे तीस-चाळीस ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर शिल्लक असते. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे पाव लिटर कर्बवायू तयार होतो. म्हणजे 450 मिलीच्या बाटलीत केवळ चार ग्रॅम साखर पुन्हा आंबली, तरी बिअरच्या बाटलीइतका वायू कोंडला जातो. बिअरची व सोड्याची बाटली तो दाब सोसण्यासाठीच जाड घडविलेली असते, औषधाची नव्हे. सारांश, आपली बाटली शांत राहते ती साखर संपल्यामुळे नव्हे, तर किण्व निष्क्रिय झाल्यामुळे किंवा गाळून काढल्यामुळे.

दुसरे कारण निव्वळ तापमानाचे. 20 अंशांस एक लिटर पाण्यात सुमारे 0.88 लिटर कर्बवायू विरघळतो. 40 अंशांस अवघा 0.53. त्यामुळे कोल्हापुरात थंडीत भरलेली बाटली वैशाखात सोलापूरच्या दुकानात पोचली की, नवीन संधान न होताही दाब दीडपटीहून अधिक वाढतो. झोपलेले किण्वही उष्णतेने जागे होते, ते निराळेच.

गुळाकडेही पाहिले पाहिजे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात भाव मिळतो तो पिवळ्याधमक रव्याला, आणि तो रंग पुष्कळदा हायड्रॉसचा असतो. त्यातील सल्फाइटचा अंश किण्वाला प्रतिकूल असल्याने संधान उशिरा लागते व रेंगाळते. फेस बसला म्हणजे संधान झाले, असे समजून माल भरला जातो. फार्मसीसाठी भेंडीच्या चिकाने मळी काढलेला तांबूस गूळच गुऱ्हाळावरून थेट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धायटीची फुले तर नवी व परागयुक्त हवीतच. जुनाट फुलांनी संधान नीट लागत नाही.

परीक्षा कोणती करावी? बुडबुड्यांचा आवाज थांबणे, प्रक्षेप तळाशी बसणे, पात्रात धरलेली काडी न विझणे, चुन्याची निवळी दुधाळ न होणे या खुणा योग्यच आहेत. परंतु पौष-माघात त्या फसवतात, कारण गारठ्याने थांबलेले संधानही अशीच लक्षणे दाखवते. म्हणून गाळण्यापूर्वी थोडा नमुना वेगळा काढून, तोंडाला कापसाचा बोळा लावून आठ दिवस 30 अंशांच्या आसपास उबेत ठेवावा. हायड्रोमीटरचे वाचन आरंभी व शेवटी, नमुना एकाच तापमानाला आणून व ढवळून वायू काढून, घ्यावे. काढ्यातील विद्राव्य अंशामुळे वाचनाचा आकडा फसवा असतो. तो खाली उतरतो की नाही, एवढेच पाहावे. उतरला तर पात्र पुन्हा उबेत ठेवावे. स्थिर राहिला तर निवळू द्यावे, किण्वाचा गाळ न हलवता वरचा द्रव काढावा, बारीक गाळावा आणि वायू जाण्यास काही दिवस सैल झाकणाने ठेवावा. गोडीसाठी शेवटी साखरेचा पाक मिसळण्याची काही ठिकाणची पद्धत सर्वथा त्याज्य होय. ते किण्वाला नवे अन्न देणेच आहे.

फुगलेल्या बाटल्या हलवू नयेत, उन्हात वा गरम पाण्यात ठेवू नयेत. शीतकपाटात पूर्ण थंड करून, जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून झाकण हळूहळू सैल करावे. आंबट वास येत असेल तर ते शुक्त झाले, अरिष्ट म्हणून देऊ नये. दुकानातून परत आलेला माल नव्या पात्रात मिसळू नये. त्याच घाण्याचा आपल्या कोठारातील न उघडलेला साठा मात्र वरील उबेची परीक्षा घेऊन, आवश्यक तर पुन्हा संधानास लावता येतो. विक्रेत्यास घाणा क्रमांक कळवून उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी सावलीत, खोक्यात बंद करून ठेवावयास सांगावे.