निवासी डॉक्टरांची तीन वर्षे

मुलगा-मुलगी एम.बी.बी.एस. झाली की घरी पेढे वाटले जातात आणि 'आता सुटलो' असे आईवडिलांना वाटते. वस्तुतः साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची इंटर्नशिप संपवून नीट-पीजीद्वारे एम.डी. वा एम.एस.ला प्रवेश मिळाला, की खरी कसोटी सुरू होते. ज्यांच्या घरात डॉक्टरांची ही पहिलीच पिढी आहे, अशा पालकांसाठी ही थोडी माहिती. आम्ही कला शाखेचे, पेशाने बँकेतले कारकून; तेव्हा वैद्यकशास्त्र बाजूला ठेवून दिनक्रमाविषयीच लिहितो.

पहिले वर्ष सर्वांत जड. या विद्यार्थ्याला 'जेआर वन' म्हणतात. पहाटे रक्ताचे नमुने घ्यायचे, राऊंडच्या आधी प्रत्येक खाटेवरच्या रुग्णाची माहिती तयार ठेवायची, केसपेपर लिहायचे, आणि वॉर्डातले मामा जागेवर नसले तर ट्रॉलीही ढकलायची. प्रत्येक युनिटकडे तातडीच्या रुग्णांचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी गेलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर परततो, हे सरकारी रुग्णालयांत नेहमीचेच. मार्चअखेरीस रात्रीचे दहा वाजले की आम्ही बँकवाले कुरकुरतो. पण खतावणीतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, औषधाच्या मात्रेतली होईलच असे नाही. सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत आहे. २०२३ च्या नियमावलीतही वाजवी तास व साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख आहे. कागद चांगला आहे, एवढेच म्हणता येईल.

या वर्षी रोजचे काम शिकवतात ते बहुधा वरच्या वर्षाचे निवासी डॉक्टर. शिकवणारा आणि राबवून घेणारा एकच, म्हणून टोमणे व अपमान येथेच शिरतात, कधी जातही. डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील, स्त्रीरोगशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर. मे २०१९ मध्ये मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याची तक्रार त्यांच्या आईने केली आणि तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. म्हणून फोनवर मूल 'ठीक आहे' म्हणाले तरी पालकांनी तेवढ्यावर थांबू नये. झोप किती झाली, वरचे कसे बोलतात, हे विचारावे. प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावीच लागते; तिच्याकडे व अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पोच महत्त्वाची, हे कारकून म्हणून आम्ही खात्रीने सांगतो.

दुसऱ्या वर्षी हात बसू लागतो. शस्त्रक्रिया विभागात पहिल्या वर्षी नुसते उभे राहून मदत करणारा आता वरिष्ठांच्या देखरेखीखाली लहान शस्त्रक्रिया स्वतः करतो. प्रबंधासाठी रुग्णांच्या नोंदी गोळा कराव्या लागतात. २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही सक्तीचे झाले आहे. तेथे मोठ्या महाविद्यालयाइतकी साधने हाताशी नसतात, आणि आमच्या मते त्यातच त्याचे शिक्षण अधिक होते.

तिसऱ्या वर्षी रात्रीचे निर्णय त्याच्यावर येतात आणि खालच्या दोन्ही वर्षांची चूकही. परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागतो. मग लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा. निकाल लागला तरी सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना बंधपत्राची सेवा असते, तेव्हा दवाखान्यासाठी गाळा शोधण्याची घाई पालकांनी करू नये.