सुटीचा आनंद अर्ध्या भाड्यात

पुणे - परीक्षा संपत आली, की वसतिगृहातील विद्यार्थ्यांना घराचे वेध लागतात. आमरसाच्या पंगती, गच्चीवरची झोप, भावंडांसह रंगणारे पत्त्यांचे डाव यांना फारसा खर्च नसतो. खिशाला कात्री लागते ती प्रवासाने. नागपूर, नांदेडसारख्या दूरच्या विद्यार्थ्यांना अशा वेळी रेल्वेची सवलत उपयोगी पडते.

स्वगावी जाण्यासाठी द्वितीय व शयनयान श्रेणीच्या मूळ भाड्यात सर्वसाधारण गटातील विद्यार्थ्यांना ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सूट मिळते. आरक्षण व अतिजलद गाडीचे शुल्क मात्र पूर्ण भरावे लागते. त्यासाठी शिक्षणसंस्थेच्या प्रमुखांच्या सहीचे, विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर द्यावे लागते.

तत्काळ तिकिटावर ही सवलत नाही. त्यामुळे ऐन वेळी धावाधाव करणाऱ्यास पूर्ण भाडे आणि वर तत्काळचे शुल्क, असा दुहेरी भुर्दंड पडतो. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. म्हणूनच परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रमाणपत्रासाठी अर्ज करणे श्रेयस्कर. वाचलेल्या पैशांत नागपूरकर विद्यार्थ्याची रामटेकची सहल होऊ शकते.