धावून येणारे आणि पळून जाणारे

पालकहो, मुलांच्या इंग्रजीच्या वहीत एक यादी हमखास सापडते. 'रन', 'रश', 'डॅश', 'बोल्ट', 'फ्ली' आणि सगळ्यांपुढे एकच अर्थ: 'पळणे'. मुले यादी घोकतात आणि वाक्य करायची वेळ आली की अडखळतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. पाच तऱ्हेची जनावरे आपण एकाच दाव्याला बांधली, तिथे चुकले.

हे नीट कळायचे तर आपण कारध्याला जाऊ. भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचे हे गाव. येथे नदीची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याचे कान कारध्याच्या पुलाशी पाणी किती आले, याकडे लागलेले असतात. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेला आले आणि भंडारा परिसराने महापूर पाहिला.

नदीकाठच्या कोणत्याही गावात अशा वेळी काय घडते, ते आपल्याच भाषेत सांगून पाहा. पाणी 'चढते'. गोठ्यातला बैल बुजून 'उधळतो'. घरची माणसे चीजवस्तू घेऊन 'निघतात'. उंचावरच्या आळीतले शेजारी मदतीला 'धावून येतात'. एखादा भुरटा चोर संधी साधून 'पसार होतो'. सगळ्यांनाच घाई आहे, पण शब्दांची अदलाबदल करून पाहा. 'शेजारी मदतीला पळून आले' म्हटले तर ऐकणारा हसेल. धावून जाणारा कोणाकडे तरी जातो, पळून जाणारा कशापासून तरी. दवंडी देणाऱ्यानेही हे ओळखावे. नुसते 'पळा, पळा' ओरडले तर गोंधळ माजतो. 'गुरे सोडा, कागदपत्रे घ्या आणि निघा' म्हटले तर माणूस भानावर राहून निघतो.

इंग्रजीचेही असेच आहे. 'हरी' म्हणजे घाई करणे. त्याला पाय हलवावे लागतातच असे नाही. चुलीपुढे बसून भराभर भाकऱ्या थापणारी आईसुद्धा 'हरी' करते. 'रश' म्हणजे तातडीने धाव घेणे किंवा कोणाला तातडीने नेणे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेतात तेव्हा हा शब्द चालतो. 'डॅश' म्हणजे थोड्या अंतराची झेप. अंगणात धान वाळत आहे, सर आली आणि सून ताडपत्री घेऊन धावली, तो 'डॅश'. 'गॅलप' ही घोड्याची चौखूर दौड. 'फ्ली' म्हणजे जीव वाचवायला पळणे. पुरातून, आगीतून किंवा लढाईतून माणसे अशी पळतात.

'बोल्ट' हा तर खास आपल्या कामाचा शब्द. घोडा किंवा बैल बिचकून एकाएकी उधळला की इंग्रजीत तो 'बोल्ट' करतो. कांद्याला अवेळी डेंगळे आले तर तेथील शेतकरीही हाच शब्द वापरतो. कांदा पोसायचा सोडून पीक फुलाकडे आणि बियाकडे उधळले, असा त्याचा भाव. आपल्याकडे कृषी पुस्तिकांत 'बोल्टिंग' म्हणून छापतात ते हेच. शेतकऱ्याच्या मुलाला हा शब्द बांधावर उभे राहून शिकवता येतो.

आता राहिला साधा दिसणारा 'रन'. तोच सर्वांत अवघड. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ दिले आहेत. इंग्रजीत माणूस, पंप, दुकान, नदी आणि सर्दी झालेले नाकसुद्धा 'रन' करते. मराठीत माणूस धावतो, पंप व दुकान चालते, नदी व नाक वाहते. म्हणून शब्दाला शब्द न लावता, काम कोण करते आणि कशासाठी करते, हे मुलाला आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट मनावर घ्या. आपल्या झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो, म्हणून 'पळाला' ऐवजी 'पराला' म्हणतात. मूल असे बोलले म्हणून त्याला हसू नका. शाळेत लिहायचे रूप वेगळे आहे, एवढे सांगा. घरच्या बोलीत ज्याला 'उधळणे' आणि 'पसार होणे' यांतला फरक कळतो, त्याला 'बोल्ट' आणि 'फ्ली' यांतला फरक कळायला वेळ लागत नाही. उलट ज्याला आपल्या बोलीची लाज वाटू लागली, तो दोन्ही भाषांत गप्प बसतो.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. 'आम्हाला कुठे येते?' म्हणून बाजूला बसू नका. संध्याकाळी जेवणाआधी मुलाला जवळ घ्या आणि दिवसभरात कोण कोण घाईत होते ते विचारा. वासरू गाईकडे कसे गेले? कुत्र्याला पाहून मांजर कसे गेले? पावसाची सर येताच आजीने काय केले? उत्तरे आधी घरच्या भाषेत येऊ द्या, मग प्रत्येकाला इंग्रजी शब्द त्यानेच शोधावा. तो वहीत काय लिहितो ते तुम्हाला वाचता आले नाही तरी चालेल. वासरू धावले की उधळले, हे तर तुम्हालाच ठाऊक आहे.