टिपणापासून प्रकल्पापर्यंत

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात जलसुरक्षा हा श्रेणी विषय असून त्यात प्रकल्पालाही स्थान आहे. परंतु प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष आणि संदर्भ या ठरावीक मथळ्यांखाली पाने भरली की प्रकल्प झाला, हा समज इतका रुजला आहे की मुळात हे मथळे कामाच्या टप्प्यांची नावे आहेत, याचेच विस्मरण होते.

‘पाणीटंचाई’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. विषयावर कितीही लिहिता येते आणि म्हणूनच इतरांचा तयार मजकूर त्यात सहज खपून जातो. याउलट ‘वाडीतल्या सार्वजनिक विहिरीची पातळी जानेवारीपासून मेपर्यंत किती उतरते आणि का’, असा प्रश्न घेतला, तर त्याचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नसल्याने ते विद्यार्थ्याला शोधावेच लागते.

या शोधात प्राथमिक साधने, म्हणजे स्वतः घेतलेली मोजमापे किंवा मूळ नोंदी, आणि दुय्यम साधने, म्हणजे अशा नोंदींवरून इतरांनी केलेले लेखन, असा भेद आरंभीच समजावा लागतो. विहिरीची पातळी मोजणे वरवर सोपे आहे: वडीलधाऱ्या माणसाच्या सोबतीने वजन बांधलेली दोरी सोडायची आणि ओली झालेली खूण पाहून लांबी मोजायची. तथापि पातळी जमिनीपासून धरली जात असल्याने त्या लांबीतून कठड्याची उंची वजा करावी लागते, आणि पंप चालू असताना पाणी तात्पुरते खाली गेलेले असते, म्हणून मोजणी सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी, करावी लागते. कार्यपद्धती या मथळ्याखाली नेमके हेच यायला हवे. ‘निरीक्षण व मुलाखत पद्धतीचा वापर केला’ या एका वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

पातळी का उतरते, यासाठी वाचन लागते. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट हा कठीण खडक असून त्यात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, ही माहिती मराठी विश्वकोशासारख्या ग्रंथातून मिळू शकते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, तो हा कोश आता महाजालावरही मोफत वाचता येतो. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव आणि पुष्कळदा संदर्भग्रंथांची यादी असते, तर मजकुरात बाणाची खूण करून संबंधित दुसऱ्या नोंदीकडे निर्देश केलेला असतो. माहितीला कर्ता असतो आणि एक नोंद दुसरीकडे नेते, हे विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष दिसते.

वाचन आणि लेखन यांच्या मधला टिपणाचा टप्पा मात्र शाळेत जवळजवळ शिकवलाच जात नाही, आणि बहुतेक प्रकल्प फसतात ते तेथेच. टिपण म्हणजे उतारा नव्हे. परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, त्यातला आपल्या प्रश्नाशी संबंधित मुद्दा दोन-तीन वाक्यांत आठवून लिहावा, मग पुस्तक उघडून आकडे व नावे तेवढी पडताळावीत, ही साधी शिस्त आहे; जे आठवून लिहिता येत नाही, ते अद्याप समजलेले नाही, हे विद्यार्थ्याला इतरांनी सांगण्यापूर्वीच कळते. एका कार्डावर एकच मुद्दा लिहिला आणि कोपऱ्यात लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठांक नोंदला, तर पुढे कार्डांचा क्रम लावता लावताच लेखाचा आराखडा तयार होतो. मूळ शब्द जसेच्या तसे घ्यायचे असतील तर अवतरणचिन्ह टिपणातच घालावे लागते, कारण पंधरा दिवसांनी ते वाक्य कोणाचे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि त्यातून न कळत वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देणे, घडते.

म्हणून शिक्षकांनी अंतिम प्रकल्पवहीच्या बरेच आधी ही कार्डे आणि मोजणीची कच्ची वही मागून पाहणे, त्यांना गुण देणे आणि ‘हा आकडा कोठून आला’ असे समोर बसवून विचारणे अगत्याचे आहे. सुबक मुखपृष्ठ, रंगीत चित्रे आणि ठळक अक्षरे यांवर जाणारा वेळ या कामासाठी राखता येतो. निष्कर्ष लिहितानाही एका विहिरीच्या नोंदींवरून सगळ्या तालुक्याविषयी विधान करता येत नाही, ही मर्यादा विद्यार्थ्याने स्पष्ट शब्दांत नोंदवली, तर त्या एका वाक्याला ‘पाणी वाचवा’ या घोषणेपेक्षा अधिक गुण मिळायला हवेत.