ओढीशी झुंजू नका, तरंगा

गैरसमज : समुद्राचा धोका फक्त पावसाळ्यात.
वस्तुस्थिती : मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले ते 2016च्या फेब्रुवारीत. ऋतूइतकीच भरती-ओहोटीची वेळही पाहावी लागते. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीनला भरती, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मधल्या सहा तासांत पाणी उतरतं आणि ओढ वाढते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. हा हिशेब ढोबळ आहे; नेमकी वेळ गावातल्या कोळ्यांना विचारावी.

गैरसमज : लाटा फुटत नाहीत तिथलं पाणी सुरक्षित.
वस्तुस्थिती : बरेचदा उलटंच असतं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी वाळूतल्या खोलगट वाटेने समुद्राकडे परत धावतं. तिथे खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधेच गडद, सपाट पट्टा दिसला तर तिथे उतरू नका.

गैरसमज : ओढ माणसाला तळाशी खेचते, म्हणून जोर लावून किनारा गाठावा.
वस्तुस्थिती : ती तळाशी नाही, खोल समुद्राकडे नेते. जोरदार ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि ही दमछाकच बुडवते. आधी उताणे व्हा. कान पाण्यात, तोंड आकाशाकडे, हात-पाय पसरलेले. श्वास ताळ्यावर आला की एक हात वर करून मदत मागा. अंगात त्राण असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने पोहा. ओढ सुटली की तिरपे किनाऱ्याकडे या.

गैरसमज : बुडणारा माणूस आरडाओरडा करतो.
वस्तुस्थिती : श्वास घ्यायलाच जेमतेम तोंड वर येतं, तिथे हाक कुठून मारणार? डोकं मागे कललेलं, हात पाणी खाली दाबत असलेले. काठावरून पाहणाऱ्याला पोरगं खेळतंय असंच वाटतं. पाण्यातल्या मुलांवरची नजर हटवू नका.

गैरसमज : पोहता येणाऱ्याने लगेच उडी घ्यावी.
वस्तुस्थिती : घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. जीवरक्षकाला हाक मारा. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन फेका.

गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहावं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरूच नये. जिथे झेंडाही नाही आणि जीवरक्षकही नाही, तिथे पाय भिजवण्यावर समाधान मानावं.